घंटागाडीच्या वाटेवरून : सिन्नरमधील एक सकाळ

वाचकहो, नाशिकहून पुण्याकडे निघालेला प्रवासी सुमारे तीस किलोमीटरवर सिन्नर ओलांडतो. बहुतेकांच्या लेखी हे गाव म्हणजे चहापुरता थांबा, किंवा शिर्डीकडे वळण्याचे ठिकाण. येथे रुग्ण तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून मला हे गाव जरा निराळे दिसते. आज आपणास मी येथील एका सकाळी बरोबर नेणार आहे. गुडघे दुखत असतील तरी चिंता नको. वाट फार लांबची नाही, आणि आपण सावकाशच चालणार आहोत.

सुरुवात गोंदेश्वरापासून करू. अभ्यासक सिन्नरचे नाते यादवांच्या आरंभीच्या राजधानीशी जोडतात, आणि त्या काळाची सर्वांत ठळक खूण म्हणजे हे काळ्या पाषाणातील शिवमंदिर. मधोमध महादेव आणि चार कोपऱ्यांत चार लहान देवळे, अशी ही पंचायतन रचना आहे. पहाटेच्या उजेडात कोरीव थरांवरून सावल्या हळूहळू खाली सरकू लागतात, तेव्हा फिरायला आलेली मंडळी प्रदक्षिणा आटोपून दम खात बसलेली असतात. त्यांत माझे अनेक रुग्ण असतात. कोणी रक्तदाबाची गोळी घेतल्याचे न विचारताच सांगतो, कोणी साखरेचा आकडा लपवतो.

येथे बसले की एक विचार नेहमी मनात येतो. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपल्यासाठी हे मंदिर ठेवले. आज आपण घराबाहेर जे टाकतो त्यातीलही पुष्कळसे आपल्यामागे उरणार आहे. प्लास्टिकची पिशवी मातीत सहजासहजी विरत नाही. मागे काय ठेवून जावे, हा प्रश्न आपल्या वयाच्या माणसांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता गावात शिरू. सातच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी घंटागाडीचा आवाज येतो. नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये गाजलेली ही घंटागाडी आता महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांच्या सकाळचा भागच झाली आहे. आवाज ऐकताच घराघरांत धांदल उडते. सून डबा घेऊन धावते, एखादा मुलगा अर्धवट दात घासलेल्या तोंडाने बादली नेतो, आणि वरच्या मजल्यावरच्या एकट्या आजी कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरतात, थबकतात, आणि गाडी पुढे निघून जाते. मग ती पिशवी दाराशी राहते, दुपारी कुत्री ती फाडतात, आणि संध्याकाळी गल्लीत एकमेकांवर बोटे दाखवणे सुरू होते.

घनकचरा व्यवस्थापनाचे नियम केंद्र सरकारने २०१६ साली नव्याने लागू केले. त्यांतील मुख्य सूत्र साधे होते : कचरा घरातच वेगळा करायचा आणि वेगळाच सोपवायचा. ओला, सुका आणि घरगुती घातक असे त्याचे तीन भाग त्या नियमांत होते. ओल्यासाठी हिरवी बादली आणि सुक्यासाठी निळी, हे रंग आता बहुतेकांच्या ओळखीचे झाले आहेत. तिसरा भाग मात्र अनेक घरांत अजून कोणाच्या ध्यानीही नसतो. वापरलेल्या सुया, मुदत संपलेली औषधे, फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर, बॅटरीचे सेल, नळीदिवे, जखमेच्या पट्ट्या ही त्या नियमांतील यादी पाहा. ज्या घरात वृद्ध किंवा आजारी माणूस आहे, त्या घराचीच ही यादी नव्हे काय?

हे माझ्या लक्षात यायला एका सफाई कामगार ताईंचे बोट कामी आले, हे कबूल केले पाहिजे.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील गोष्ट. दुपारी दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना त्या आल्या. बोटाला चिंधी गुंडाळलेली होती. "डॉक्टरसाहेब, पिशवीत सुई होती हो. कुणाची, काय ठाऊक," असे म्हणून त्यांनी रुमालात बांधून आणलेली सुई माझ्या टेबलावर ठेवली. इन्सुलिनच्या पेनला लावतात ती बारीक सुई होती. ज्या गल्लीत ती टोचली, तेथे माझ्याकडून इन्सुलिन लिहून घेणारे चार रुग्ण राहत होते.

संसर्ग असलेल्या व्यक्तीच्या रक्ताने माखलेली सुई टोचली, तर ज्याने लस घेतलेली नाही त्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शेकडा ६ ते ३० इतकी असते. हिपॅटायटिस सीची शक्यता शेकडा सुमारे २, आणि एचआयव्हीची हजारात सुमारे ३. कचऱ्यातील सुई कोणाची आणि किती जुनी हे कळत नसल्याने प्रत्यक्ष धोका बहुधा याहून कमी असतो. पण ज्याचे बोट असते त्याला शेकडेवारीने झोप लागत नाही. मी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, हिपॅटायटिस बीची लस सुरू केली आणि पुढील तपासण्यांसाठी त्यांना सरकारी रुग्णालयात पाठवले. सहा महिने त्या ठरावीक काळाने रक्त देत राहिल्या. शेवटचा अहवाल निर्दोष आला तेव्हा त्यांनी तो दोनदा घडी घालून पदरात ठेवला. त्या सहा महिन्यांत घरी नवऱ्याला काय सांगितले असेल, मुलांना जवळ घेताना मनात काय आले असेल, हे मी विचारले नाही. विचारण्याचा मला धीर झाला नाही.

त्याच आठवड्यात त्या गल्लीतील एका आजोबांना मी विचारले, "वापरलेली सुई कुठे टाकता?" ते म्हणाले, "कुठे म्हणजे? कचऱ्यात. तुम्ही कुठं दुसरीकडे टाकायला सांगितलं होतं?"

त्यांचे खरे होते. सुई कशी टोचावी, पोटावरची जागा कशी बदलावी, इन्सुलिन कोठे ठेवावे, हे सारे मी त्यांना शिकवले होते. ती नंतर कोठे जाते, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाच नव्हता. माझ्या दवाखान्यातील सुया नियमानुसार न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जातात आणि अधिकृत गाडी त्या घेऊन जाते. रुग्णाच्या घरातील सुई मात्र भाजीच्या देठांत मिसळून एखाद्याच्या उघड्या हातापर्यंत पोहोचत होती. चूक आजोबांची नव्हती. सांगण्याचे काम माझे होते आणि ते राहून गेले होते.

तेव्हापासून आमच्याकडे एक साधी पद्धत सुरू आहे, आणि ती आपणही आजच सुरू करू शकता. फरशी पुसण्याच्या द्रवाची किंवा डिटर्जंटची जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली घ्या. पाण्याची पातळ बाटली चालणार नाही. सुई तिच्यातून आरपार येते. बाटलीवर ठळक अक्षरांत 'सुया' असे लिहा आणि ती मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. इन्सुलिनच्या सुया आणि साखर तपासताना बोटाला टोचायची लॅन्सेट वापरून होताच तिच्यात टाका. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी गुंडाळा आणि पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांकडे न्या. ती घ्याल का, असे त्यांना स्पष्ट विचारा. विचारण्यात संकोच नको. तशी सोय नसेल तर बाटली इतर कचऱ्यात न मिसळता, "यात सुया आहेत" असे सांगून घंटागाडीवरील माणसाच्या हाती वेगळी द्या.

आणि कोणाला अशी सुई टोचलीच तर? ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. बोट पिळू नये, तोंडाने चोखू नये. त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर डॉक्टरांना गाठावे. एचआयव्हीचा प्रतिबंध करणारी औषधे गरज असल्यास पहिल्या काही तासांत सुरू करावी लागतात आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. घरात साफसफाईला येणाऱ्या बाईंनाही हे जरूर सांगून ठेवा.

आता पुढच्या गल्लीत चला. येथील पुष्कळ घरांत अंथरुणाला खिळलेला कोणीतरी आहे आणि त्याची शुश्रूषा करणारी बहुधा सून, मुलगी किंवा पत्नी आहे. प्रौढांचे डायपर हा या घरांतील न बोलला जाणारा विषय. लाजेपोटी ते काळ्या पिशवीत दडवून कचऱ्याच्या तळाशी घातले जातात, आणि कचरा वेगळा करणाऱ्याचा हात नेमका त्यावर पडतो. पुण्यात कचरावेचकांच्या स्वतःच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने यावर सोपा तोडगा सुचवला : असा कचरा कागदात गुंडाळायचा आणि त्यावर लाल ठिपका काढायचा. ठिपका दिसला की उचलणाऱ्याला आत काय आहे ते उघडून पाहावे लागत नाही. सिन्नर असो वा सोलापूर, लाल खडूचा तुकडा प्रत्येक घरात सापडेल. डायपरमधील विष्ठा शक्य तेवढी शौचकूपात टाकावी, डायपर आतल्या बाजूला घडी करून वर्तमानपत्रात गुंडाळावा, ठिपका काढावा आणि वेगळ्या पिशवीत ठेवावा. हे करताना हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. शुश्रूषा करणाऱ्या भगिनींनो, आपली पाठ आणि आपले हात हीच त्या रुग्णाची खरी आधारव्यवस्था आहे. त्यांना जपण्यात स्वार्थ मुळीच नाही.

औषधांचा डबा हा तिसरा मुक्काम. दर दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी, उजेडात, चष्मा लावून तो उघडा. मुदत संपलेल्या गोळ्या बाजूला काढा. त्या मोरीत ओतू नका, चुलीत टाकू नका आणि "चांगल्या आहेत हो" म्हणून शेजाऱ्यांनाही देऊ नका. उरलेली प्रतिजैविके अशी हातोहात फिरली की जंतू त्यांना सरावतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी तेच औषध निकामी ठरते. या गोळ्या घरगुती घातक कचऱ्याच्या डब्यात ठेवा. त्याच डब्यात श्रवणयंत्राचे सेलही जावेत. ते शर्टाच्या गुंडीएवढे असतात आणि नातवंडाच्या तोंडात सहज जातात. घड्याळात किंवा रिमोटमध्ये असतात त्या चपट्या लिथियम सेलने तर अन्ननलिकेला काही तासांतच भाजल्यासारखी जखम होते. मुलाने असा सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर केरसुणी लावू नये. पारा आणखी बारीक होऊन पसरतो. खिडक्या उघडाव्यात, मुलांना खोलीबाहेर काढावे, जाड कागदाने थेंब एकत्र करून झाकणाच्या बाटलीत बंद करावेत आणि ती बाटली याच डब्यात ठेवावी.

आता जरा बाहेरच्या वस्तीकडे वळू. सिन्नर हे विडीचे गाव. मांडीवर सूप घेऊन तेंदूची पाने कात्रीने कापणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायका येथे पिढ्यान्‌पिढ्या दिसत आल्या आहेत. माझ्याकडे येणाऱ्या आज्यांपैकी कित्येकींची बोटे आणि मानेचे मणके या कामाची साक्ष देतात. पानांचे कात्रण झाडाचेच असल्याने कुजते. ते ओल्या कचऱ्यात खुशाल जावे. तंबाखूची पूड मात्र वेगळी गोळा करावी. जेवण रांधायच्या जागेपासून आणि रांगत्या मुलांपासून ती दूर ठेवावी. ती पेटवून देण्याचा मोह टाळावा.

पेटवण्यावरून आठवले. थंडीच्या दिवसांत पहाटे कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या दिसतात आणि त्यांत पालापाचोळ्याबरोबर प्लास्टिकही जाते. त्या धुराने दम्याच्या आणि जुन्या खोकल्याच्या रुग्णांचे काय होते, ते मी त्याच दिवशी दवाखान्यात पाहतो. ऊब हवी तर शाल घ्यावी आणि घोटभर गरम पाणी प्यावे. प्लास्टिक जाळून मिळणारी ऊब छातीला महाग पडते.

पावसाळ्यातील हिशेब निराळा. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. नारळाची करवंटी, चहाचा प्लास्टिकचा पेला, जुना टायर एवढी जागा त्याला पुरते. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा असे सांगितले जाते. सुका कचरा खरोखर सुका ठेवून वेळेवर सोपवला, तर डासाच्या बाळंतघराला जागाच उरत नाही.

हे सारे ऐकून गल्लीतील एक आजी मला म्हणाल्या, "डॉक्टर, आम्हाला काय शिकवता? आमच्या वेळी कचराच नव्हता." त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. शेणमूत, उष्टेखरकटे आणि राख उकिरड्यावर जाई आणि वर्षाने शेतात खत म्हणून पसरे. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होत, उरलेल्या कपड्यांवर भांडी येत, रद्दी तोलून विकली जाई. वेगळे करण्याची ही विद्या आपल्या पिढीच्या हातांत आहेच. मात्र त्या उकिरड्यात दुधाची पिशवी नव्हती, सेल नव्हता, इन्सुलिनची सुई नव्हती. विद्या जुनी आहे, माल नवा आहे. एवढाच फरक ध्यानात ठेवला म्हणजे पुरे.

दुधाच्या पिशवीचेच पाहा. कोपरा पूर्ण कापून फेकू नका. तुकडा पिशवीला लटकता राहील इतकाच छेद द्या. सुटा झालेला इवला तुकडा कोणी वेचत नाही, तो गटारात जातो. पिशवी विसळून वाळवली की ती विकली जाणारी वस्तू होते. आमटी सांडलेला कागद मात्र रद्दी म्हणून विकला जात नाही.

आता आपल्या शरीराचा विचार करू, कारण योजना कितीही चांगली असली तरी कंबर आपली असते. बादल्या लहान आणि हलक्या घ्याव्यात. भरलेली मोठी बादली उचलण्यापेक्षा लहान बादली रोज रिकामी करणे सोपे. वाकणे जमत नसेल तर त्या ठेंगण्या स्टुलावर ठेवाव्यात. दृष्टी मंद असेल तर रंगाबरोबर खूणही असावी. ओल्या बादलीच्या कडीला दोरा बांधावा म्हणजे हाताला कळते. विस्मरणाचा आजार असलेल्यांच्या घरी बादल्यांची जागा कधीही बदलू नये. त्यांच्या हातून चूक झाल्यास ओरडू नये. भाजी निवडणे, कागदांच्या घड्या करणे ही कामे त्यांना अनेकदा जमतात आणि त्यात त्यांचे मनही रमते. आणि घंटेच्या आवाजावर जिन्यात धावू नये. मांडीचे हाड मोडणे हा या वयातील केवढा आघात असतो, हे मी वेगळे सांगायला नको. आमच्या गल्लीतील त्या वरच्या मजल्यावरच्या आजींची बादली आता खालच्या मजल्यावरचा शाळकरी मुलगा रात्रीच दाराशी आणून ठेवतो. त्याला त्या मोबदल्यात पाढे म्हणून घेतात. सौदा कोणाच्या फायद्याचा, यावर दोघांचे मतभेद आहेत.

एक शंका नेहमी विचारली जाते : "आम्ही वेगळा करायचा आणि पुढे तो एकत्रच होणार, मग कशाला?" शंका रास्त आहे. अशा वेळी गप्प न बसता नगरसेवकांना, नगरपरिषदेला विचारावे. ज्येष्ठांच्या अर्जाला अजून वजन असते. पण आपल्याच राज्यातील वेंगुर्ल्याकडेही पाहावे. सिंधुदुर्गातील या लहानशा नगरपरिषदेने घरोघरी वर्गीकरण रुजवले, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला, प्लास्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरात वापरले, आणि जुन्या कचराभूमीच्या जागी लोक पाहायला येतील असे ठिकाण उभे केले. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या पुढाकाराने हे घडले, तरी रोज सकाळी बादल्या वेगळ्या भरणारे हात तेथील घराघरांतलेच होते. सुईच्या बाबतीत तर पुढे काय होते याची वाट पाहण्याचेही कारण नाही. ती बाटलीत गेली त्याच क्षणी एक बोट वाचलेले असते.

आपली फेरी संपत आली. ऊन चढले आहे आणि घंटागाडी गल्लीच्या शेवटी पोहोचली आहे. गाडीवर आज त्याच ताई आहेत. वरच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून वाकून विचारतात, "ताई, चहा घेता का?" त्या मान हलवून नको म्हणतात, पुढच्या आळीला उशीर होईल. मग त्या हिरवी बादली एका कप्प्यात उलटी करतात, निळी दुसऱ्या. लाल ठिपक्याचे पुडके बाजूच्या पोत्यात ठेवतात.

आता त्या हातमोजे घालतात. तरीही पिशवी उचलण्यापूर्वी तिला खालून हलकेच चाचपून पाहण्याची त्यांची सवय गेलेली नाही. आपण सिन्नरमध्ये राहत असा किंवा आणखी कोठे, आपल्या दारी येणाऱ्या माणसाची ही सवय सुटावी, इतकी आपली पिशवी विश्वासाची असावी. उद्या सकाळी घंटा वाजण्यापूर्वी एक रिकामी बाटली शोधून ठेवा.